सटवाचं न चावणारं कुत्रं

आमच्या गावात सटवाला कुणी कधी 'अहो' म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि त्याने कुणाला 'अरे' म्हटल्याचंही आठवत नाही. तिसरी-चौथीत तो माझ्या हाताखाली शिकला. शेजारच्या पोराने त्याची पाटी ओढून घेतली की मी छडी उचलायचो. तेव्हा सटवाच मला सांगायचा, "घेऊ द्या गुरुजी, त्याला काई लिहायचं असंल." अशी माणसं गावाला फार सोयीची असतात. गाव त्यांना भोळं म्हणतं आणि कामाला लावतं.

चौथीनंतर सटवा आईबापाबरोबर ऊस तोडायला जाऊ लागला. पुढे बायकोबरोबर गेला. दिवाळी झाली की जायचं आणि गुढीपाडव्याच्या आसपास परतायचं. एका वर्षी परतताना ट्रकच्या टपावर घोंगडीत गुंडाळून त्याने एक पिल्लू आणलं. त्याची बायको कडूबाई घरोघर सांगत हिंडली, "लोकायनी येताना भांडीकुंडी आणली, आमच्या मालकानं कुत्रं आणलं."

कुत्र्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. रंग मातकट, एक कान उभा आणि एक पडलेला. शेपटी मात्र झुबकेदार, म्हणून त्याचं नाव गोंड्या पडलं. आमच्याकडे गोंडा घोळणारी माणसं काही थोडी नाहीत, पण कुणापुढे घोळायचा ते आधी नीट बघून ती घोळतात. गोंड्याला तेवढी समज नव्हती. तो पोस्टमनपुढे घोळायचा, तलाठ्यापुढे घोळायचा आणि भंगारवाल्यापुढेही तितकाच घोळायचा. लोक सटवाला म्हणायचे, "बे सटवा, हे कुत्रं हाय का पाव्हणा?"

ज्या वर्षी बिंदुसरेचं धरण आटून त्याच्या तळात पाली गावची पोरं क्रिकेट खेळत होती, त्या वर्षी आमच्या दूध संस्थेला चारा छावणी मंजूर झाली. गावाबाहेरच्या माळावर पत्र्याच्या आडोशात जनावरं बांधायची आणि पाऊस पडेपर्यंत त्यांना सरकारी चारापाणी घालायचं, असा तो कारभार. संस्थेचे चेअरमन आबासाहेब आणि माजी चेअरमन सुंदरराव हे सख्खे मावसभाऊ होते, त्यामुळे त्यांचं भांडण अगदी मनापासूनचं होतं. गावात दोन गट होते, म्हणून छावणीतही दोन दावणी पडल्या. वरची आबासाहेबांच्या गटाची आणि खालची सुंदररावांच्या गटाची. मधून वाट. म्हशींना या व्यवस्थेची काही कल्पना दिलेली नव्हती. त्या वाटेवरून एकमेकींकडे बघून रेकायच्या.

त्या वर्षी कडूबाई लेकासुनेबरोबर उसाला गेली आणि सटवा एकटा मागे राहिला, कारण घरची एकुलती गाय, कपिली, गाभण होती. सटवा संस्थेचा सभासद नव्हता, आणि छावणी फक्त सभासदांच्या जनावरांसाठी होती. आबासाहेब म्हणाले, "तू राखणदारी कर. तुझी गाय बांध कडंला." म्हणजे सटवाची नोकरी होती तोवर कपिलीला चारा होता. माळावर काडी उरलेली नव्हती. छावणीबाहेर गेलेली गाय म्हणजे बाजारात गेलेली गाय, आणि त्या वर्षी बाजारात गायी कोण घेत होतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सटवाबरोबर गोंड्याही छावणीत आला. माझीही एक गाय तिथे होती, त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ मी त्याला बघत होतो. दिवसभर तो मधल्या वाटेवर पडलेला असायचा. वासरं येऊन त्याचं अंग चाटायची आणि तो डोळे मिटून चाटू द्यायचा. पाच-सहा कोस चालून आलेलं एखादं नवं जनावर दाराशी बुजून उभं राहिलं की गोंड्या उठायचा आणि त्याच्या पुढे हळूहळू चालू लागायचा. जनावर त्याच्या मागे यायचं. कोणत्या दावणीत न्यायचं हे मात्र तो जागा बघून ठरवायचा, गट बघून नव्हे. त्याच्या या वाट दाखवायच्या सवयीतूनच पुढच्या सगळ्या घोटाळ्याला सुरुवात झाली.

बीडच्या एका पेपरात आमच्या छावणीबद्दल मजकूर छापून आला. जनावरांच्या तोंडचा चारा नक्की कुणाच्या तोंडात जातो, असा त्याचा मथळा होता. आबासाहेबांनी संचालकांची बैठक बोलावली.

"त्या पेपरवाल्याला आत सोडलं कुणी?" त्यांनी विचारलं.

उपाध्यक्ष धोंडीराम म्हणाले, "सोडलं म्हंजे? ह्या कुत्र्यानं त्याला हिंडून छावणी दावली, सायेब! म्होरं कुत्रं अन् मागं तो फोटू काढत."

हे अक्षरशः खरं होतं.

छावणीला चावरं कुत्रं पाहिजे यावर संचालकांचं एकमत झालं. आमच्या संस्थेत एकमत ही दुर्मीळ गोष्ट असल्यामुळे लगेच ठराव घ्यायचं ठरलं, आणि माझं अक्षर बरं म्हणून मला बोलावणं आलं. मी लिहिलं, 'छावणीतील श्वानाच्या अंगी आवश्यक तो आक्रमकपणा आणण्याबाबत.' सूचक आणि अनुमोदकाची नावं घातली. सह्या झाल्या.

कुत्र्याला तिखट खाऊ घातलं आणि बांधून ठेवलं की ते तिखट होतं, अशी आमच्या भागात जुनी समजूत आहे. संचालकांनी पाळ्या लावल्या. रोज एकाने घरून हिरव्या मिरचीचा ठेचा आणि भाकरी आणायची. पहिली पाळी धोंडीरामांची होती. गोंड्याने ठेचा-भाकरी खाल्ली. त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, हौदावर जाऊन तो पोटभर पाणी प्यायला, आणि परत येऊन ज्या हाताने भरवलं तो हात त्याने प्रेमाने चाटला. धोंडीरामांनी तोच हात डोळ्याला लावला. त्यानंतर ते बराच वेळ हौदावर होते. आठवडाभर हा उपचार चालला. त्यात संचालकांचा स्वभाव पुष्कळ तिखट झाला. कुत्र्याला तेवढं पोटाचं झालं.

याच सुमारास सुंदररावांच्या पत्नी चतुराबाई आपली आणखी एक म्हैस आणि तिचं रेडकू घेऊन छावणीच्या दाराशी आल्या. शेतातली विहीर आटेपर्यंत त्यांनी ती म्हैस घरीच ठेवली होती. आबासाहेब नेमके तेव्हा चार संचालकांसह दारात उभे होते.

"वहिनी, नवीन जनावर घेणं बंद हाय. ठराव झालाय."

"कवा झाला?"

"आत्ताच."

"भावजी, म्हशीला ठराव वाचता येत न्हाई. तहान लागलीय तिला."

दोन्ही दावणीतली माणसं वाटेवर येऊन उभी राहिली. आता माघार घेणं चेअरमनला शोभलं नसतं. ते ओरडले, "सटवा, सोड कुत्रं!"

"सोडलेलंच हाय, सायेब."

"मंग छू कर त्याला!"

सटवा खाली बघत उभा राहिला. जन्मात त्याने कुणाला कुणावर सोडलं नव्हतं. शेवटी आबासाहेबांनी स्वतःच बोट दाखवलं. "छू! गोंड्या, छू!"

गोंड्या उठला. त्याने अंगावरची माती झटकली आणि तो निघाला. माणसं बाजूला सरली. गोंड्या रेडकाजवळ गेला. ते चालून थकलं होतं आणि त्याचे पाय लटपटत होते. गोंड्याने त्याचं नाक हुंगलं, एकदा चाटलं, आणि मग वळून तो हौदाकडे चालू लागला. त्याच्या मागे रेडकू निघालं, रेडकामागे म्हैस आणि म्हशीमागे चतुराबाई. चेअरमनच्या समोरून जाताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यातल्या कुणीतरी 'या' म्हनलं म्हनून आले बगा. न्हाईतर मी परतच चाललते."

दोन्ही दावणी एकदम हसल्या. संस्थेच्या स्थापनेपासून दोन्ही गट एका गोष्टीला एकाच वेळी हसल्याचा हा पहिला प्रसंग होता, आणि आबासाहेबांना तो मुळीच आवडला नाही. गोंड्या हौदावरून शेपटी हलवत परत आला तेव्हा त्यांनी त्याला बुटाची लाथ घातली. तो कुईं करून बाजूला झाला. थोडं लंगडला. मग जरा वेळाने पुन्हा येऊन त्यांच्याच बुटापाशी बसला. माणसाला लाथेपेक्षा हे जास्त लागतं.

"सटवा," आबासाहेब म्हणाले, "उद्या छावणीत एक तर हे कुत्रं दिसंल, न्हाई तर तू. अन् तू न्हाई, तर तुझी गायबी न्हाई."

"कावून, सायेब? त्यानं काय बिघडवलं?"

"त्यानं काई बिघडवलं न्हाई, हेच तर बिघडलंय!"

सटवा त्या दिवशी जेवला नाही. कपिलीचे दिवस भरत आले होते. सकाळी त्याने गोंड्याला बरोबर घेतलं आणि तो मांजरसुंब्याच्या चौकात राधाकिशनच्या ढाब्यावर गेला. पूर्वी उसाच्या गाड्या तिथे थांबायच्या, तेव्हापासूनची त्यांची ओळख. परत आला तेव्हा मी विचारलं, "सोडून आलास?"

"बस म्हनलं. बसलं," तो म्हणाला. "मागं काई आलं न्हाई, गुरुजी. आलं असतं तर बरं झालं असतं."

संचालकांनी त्याची नोंद 'श्वानाची बदली' अशी केली.

रिकाम्या जागेवर टायगर आला. बीडच्या मोहनरावांची खडीची मशीन आहे. त्यांनी तो संस्थेला भेट दिला. काळाभोर, वासराएवढा, आणि जन्मापासून साखळीला बांधलेला. जीपमधून उतरवताना दोन माणसांनी साखळी धरली होती. छावणीच्या दाराशी खुंटा ठोकला, हार आणला, आणि धोंडीराम नारळ फोडायला पुढे झाले. टायगरने पहिला चावा त्यांनाच घेतला. गटनिष्ठा वगैरे काही तो पाळत नव्हता. वरच्या दावणीवर भुंकायचा आणि खालच्या दावणीवरही. टँकरवाला आत यायला तयार होईना. तो बाहेरूनच पाइप टाकायचा आणि अर्धं पाणी माळ प्यायचा. पेपरवाला मात्र परत आला नाही, एवढं काम टायगरने चोख केलं. त्याला भाकरी टाकायला सटवाशिवाय कुणी जात नव्हतं.

आणि छावणीतलं दूध आटलं.

दुभत्या जनावराला भीती बसली की ते पान्हा चोरतं, म्हणजे कासेत दूध असूनही सोडत नाही. हे समजायला संचालक असावं लागत नाही. आमच्याकडे हे प्रत्येकाला आईच्या मांडीवरच कळलेलं असतं. टायगर भुंकला की साऱ्या दावणीचे कान दाराकडे वळायचे आणि धार काढणाऱ्याच्या हाती कोरडा सड राहायचा. तरीही संस्थेने उपसमिती नेमली. सुंदररावांच्या माणसांनी पेंडीत काहीतरी कालवलं असावं, असा उपसमितीला संशय आला. सुंदररावांचा गट म्हणाला की चेअरमनने आणलेली पेंडच भेसळीची आहे. कुत्र्याचं नाव कुणीच घेत नव्हतं. आबासाहेबांच्या गटाने घेतलं असतं तर चेअरमन चुकले असं झालं असतं. सुंदररावांच्या गटाने घेतलं असतं तर चेअरमनला ती चूक सुधारता आली असती. दोन्ही गटांना गप्प बसायला आपापलं सबळ कारण होतं. सहकारात चूक एकट्याची राहत नाही, सर्वांना तिचा वाटा मिळतो.

अशात कपिली व्याली. कालवड झाली, अंगाने लहानखुरी पण डोळ्यांनी चपळ. सटवाची जागा कडेला, म्हणजे दाराजवळ होती. तिथून टायगर वीस पावलांवर. कपिली दाराकडे कान रोखून थरथरत उभी राहायची. कालवड कासेला ढुशा द्यायची, चोखायची, आणि रिकाम्या तोंडाने बाजूला व्हायची. पोटच्या लेकरालाही ती पान्हा सोडेना. सटवा तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायचा. एकदा तो आबासाहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "सायेब, कुत्र्याचा खुंटा तेवढा लांब न्यायचा व्हता. कालवड मरंल."

"दाराशीच बांधायचं असा ठराव हाय," आबासाहेब म्हणाले.

ज्यांच्या जनावरांनी ओंजळभर दूध दिलं ते लोक त्यातलं पळीभर कालवडीसाठी सटवाच्या वाटीत घालून जायचे. दोन्ही दावणीतून घालायचे, पण एकमेकांना दिसणार नाही असं. पळीभर दुधावर कालवड उभी राहत नसते. तिसऱ्या दिवशी ती बसली ती उठेना.

त्याच दिवशी आबासाहेबांच्या पत्नी जाईबाई छावणीत आल्या. त्यांच्या मोठ्या म्हशीने गड्याला लाथ मारली होती, म्हणून स्वतः चरवी घेऊन बसल्या. टायगर भुंकला, म्हैस उडाली, चरवी लवंडली. जाईबाई पदर खोचून चेअरमनच्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"दूध संस्थेच्या चेअरमनच्या घरात चहाला दूध न्हाई. येणाऱ्या-जाणाऱ्याला काय पाजू? ठराव पाजू?"

"हळू बोल."

"म्हशी हळू बोलल्या म्हनून तर तुमाला ऐकू येईना! ते मातकट कुत्रं आणा परत. न्हाईतर मी म्हैस घेऊन चतुराबाईच्या दावणीत बसते."

एवढं झाल्यावर आबासाहेबांनी सटवाला बाजूला घेतलं. मी जवळच गायीला पेंड घालत होतो.

"कुत्रं परत आण असं मी म्हननार न्हाई," ते म्हणाले. "तू असं कर, मांजरसुंब्याहून मिठाचं पोतं घेऊन ये. येताना मागं मागं कुणी आलं, तर मी काई बघितलं न्हाई."

आयुष्यात कुणाला नाही न म्हणणारा सटवा त्या दिवशी जागचा हलला नाही.

"मी न्हाई जात, सायेब."

"का रे?"

"मी त्याला बस म्हनून आलो. त्यानं ऐकलं. आता कोणत्या तोंडानं उठ म्हनू? मला लाज वाटती त्याची. तुमी घालवलं, तुमीच बोलवा."

आबासाहेबांनी त्याच्याकडे बघितलं, बसलेल्या कालवडीकडे बघितलं, आणि मग लांब उभ्या असलेल्या जाईबाईंकडे बघितलं. त्यांनी जीप काढायला सांगितली. सटवाला म्हणाले, "तू नुसता मागं बस." राखणदाराबरोबर एकटंच जायला त्यांना अवघड वाटत असावं. मला म्हणाले, "गुरुजी, तुमी चला."

ढाब्यावर गोंड्या खाटांच्या मधे पडला होता. ट्रकवाल्यांच्या कृपेने अंगाने भरला होता. सटवा जीपमधून उतरलाच नाही, मान खाली घालून मागे बसून राहिला. आबासाहेब पुढे गेले आणि ज्या आवाजात ते कारकुनांशी बोलत त्याच आवाजात म्हणाले, "चल."

गोंड्या उठला. शेपटी हलवत त्यांच्याजवळ आला. त्याने आधी त्यांचा बूट हुंगला, तोच बूट, आणि मग त्यांचा हात चाटला. आबासाहेब त्या हाताकडे जरा वेळ बघत राहिले.

"ह्याच्या काई ध्यानात राहत न्हाई वाटतं, गुरुजी."

"ध्यानात नसतं तर तुम्हाला ओळखलं असतं का?" मी म्हटलं.

ते जीपकडे वळले. राधाकिशन गल्ल्यावरून ओरडला, "न्या सायेब, पर फिरून बदली करू नका. माझ्या गिऱ्हाइकाला त्याचा लळा लागलाय. मलाच शिव्या देत्याल."

गोंड्याने जीपमध्ये उडी मारली आणि तो सटवाच्या मांडीवर डोकं ठेवून बसला. सटवा रस्ताभर बाहेर बघत होता.

मोहनरावांनी दिलेली भेट परत करणं शक्य नव्हतं. पुढच्या निवडणुकीत त्यांच्या गाड्या लागणार होत्या. त्यामुळे टायगर दाराशी होताच. जीप थांबली तसा तो साखळी ताणून उभा राहिला. साखळी तुटते की काय असं वाटलं. आबासाहेब ओरडले, "धरा! धरा त्याला!" कुणी पुढे झालं नाही. संचालक तर फारच मागे झाले.

गोंड्या खाली उतरला आणि सरळ त्याच्याकडे चालत गेला. साखळी जिथे संपते त्याच्या हातभर अलीकडे थांबला. मग त्याने टायगरकडे पाठ केली आणि खाली बसला. टायगर त्याच्या मानेवर भुंकत होता, तोंडाचा फेस त्याच्या अंगावर उडत होता. गोंड्याने जांभई दिली. थोड्या वेळाने त्याने पुढच्या पायांवर डोकं ठेवलं. टायगर भुंकून भुंकून घोगरा झाला. इकडून भुंकला, तिकडून भुंकला, शेवटी थांबला. त्याने मान लांब करून ती झुबकेदार शेपटी हुंगली. ती हलली, तसा तो दचकून मागे सरला. मग परत येऊन हुंगली. आणि मग एवढा मोठा तो प्राणी पोरासारखा बारीक रडायला लागला आणि खाली बसला. त्याला भाकरी टाकायला माणूस येत होता, पण त्याच्याजवळ बसायला आजवर कुणी आलेलं नव्हतं.

छावणी इतकी शांत झाली की रवंथ ऐकू येऊ लागला. संध्याकाळच्या धारेला बसलेल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. कपिलीने कान सैल सोडले. सटवाने दोन्ही हातांवर कालवड उचलून कासेला लावली. दोन ढुशा कोरड्या गेल्या. तिसऱ्या ढुशीला कालवडीच्या तोंडाला पांढरा फेस आला. सटवाने पटकन गायीच्या पाठीआड तोंड केलं.

पुढच्या बैठकीत आबासाहेबांनी भाषण केलं. काही गैरसमजामुळे दुरावलेला एक निष्ठावान कार्यकर्ता स्वगृही परतला आहे, आणि चेअरमनच्या दूरदृष्टीमुळे दूध पूर्ववत झालं आहे, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. सुंदररावांच्या गटाने हरकत घेतली. चतुराबाईंच्या रेडकाला सगळ्यांआधी त्यानेच आत घेतलं, तेव्हा कुत्रं मुळात आमचं आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. इतके दिवस ज्याला छावणीत जागा नव्हती, त्याच्यावर आता दोन्हीकडून हक्क सांगणं सुरू झालं. आवाज चढले. खुर्च्या सरकल्या. बाहेर वाटेवर गोंड्या झोपला होता आणि दोन वासरं त्याचे कान चाटत होती.

शेवटी धोंडीराम म्हणाले की भांडण कशाला, राखणदारालाच विचारा. सटवाला बोलावलं. तो दारात येऊन उभा राहिला. धोंडीरामांनीच विचारलं.

"सटवा, खरं सांग बे. हे कुत्रं कुणाचं हाय? ह्यांचं का आमचं?"

सटवाने वाटेवर झोपलेल्या गोंड्याकडे बघितलं.

"मला बी ठावं न्हाई, सायेब," तो म्हणाला. "मी त्याला कधी इचारलं न्हाई."

आणि तो कालवडीला पाणी दाखवायला निघून गेला.